वाहनतळावरील रेषा आणि देखभालीचे अर्थकारण

झाशीत मराठी माणसाची पावले प्रथम किल्ल्याकडे वळतात. प्रशासनाचा अभ्यासक म्हणून माझे लक्ष मात्र बाजारपेठेतील वाहनतळांच्या पुसट पांढऱ्या रेषांकडेही जाते.

अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स यांच्या पुढाकाराने १९११ साली रस्त्यावर मध्यरेषा रंगविली गेली. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांवरील खुणांची संहिता १९७० साली काढली. १९९७ व २०१५ साली ती सुधारली. २०१७ साली झाशीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. तेव्हा वानवा नियमांची वा योजनांची नाही; ती देखभालीची आहे. बुंदेलखंडातील ऊन, धूळ व चाकांचे घर्षण यांनी रंग झिजतो. नव्या कामाचे उद्घाटन होते, पुन्हा रंग देण्याचे होत नाही.

या दिरंगाईची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. दिव्यांगांसाठीची जागा ३.६ मीटर रुंद ठेवतात, कारण चाकांची खुर्ची उतरविण्यास बाजूला मोकळीक लागते. रेषा पुसली की तेथे दुसरी मोटार शिरते आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा कागदावरच राहतो. म्हणून वाहनतळाच्या मूळ कंत्राटातच पुन्हा रंग देण्याची मुदत व आर्थिक तरतूद असावी, असे माझे मत आहे.