अंधारातील नेम : रायफलच्या दुर्बिणीवर बसणाऱ्या क्लिप-ऑन नाइट व्हिजन उपकरणांची तुलना

रात्रीच्या अंधारात नेम धरण्यासाठी रायफलवर स्वतंत्र रात्रीची दुर्बीण बसवणे, ही जुनी पद्धत. दिवसाची दुर्बीण उतरवायची, रात्रीची चढवायची आणि प्रत्येक वेळी काही गोळ्या झाडून नेम नव्याने जुळवायचा, असा तो खटाटोप असे. यावर उपाय म्हणून क्लिप-ऑन उपकरण आले. ते दिवसाच्या दुर्बिणीच्या पुढे बसते, स्वतः प्रतिमा मोठी करत नाही आणि अंधारातील दृश्य उजळून मागच्या दुर्बिणीकडे सोपवते. दुर्बिणीतील नेमरेषा, तिची वर्धनक्षमता आणि नेमबाजाच्या गालाची व डोळ्याची सवयीची जागा यांत काहीही बदलत नाही.

बाजारात या उपकरणांचे तीन प्रकार आढळतात. ते एकाच नावाने विकले जात असले, तरी त्यांची कार्यपद्धती भिन्न आहे आणि मर्यादाही भिन्न आहेत.

प्रतिमा-तीव्रक नळी

चांदण्यांचा अत्यल्प प्रकाश भिंगातून फोटोकॅथोडवर पडतो व त्याचे इलेक्ट्रॉनमध्ये रूपांतर होते. लक्षावधी सूक्ष्म छिद्रे असलेल्या तबकडीतून जाताना त्या इलेक्ट्रॉनांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि ते स्फुरदीप्त पडद्यावर आदळून हिरवी किंवा पांढरी प्रतिमा उमटवतात. ही सूक्ष्म छिद्रांची तबकडी दुसऱ्या पिढीत आली, तर तिसऱ्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा फोटोकॅथोड आला. अमेरिकी सैन्याचे एएन/पीव्हीएस-२२ आणि लांब पल्ल्यासाठी मोठे भिंग असलेले एएन/पीव्हीएस-२७ ही या प्रकारची परिचित उदाहरणे होत.

नळीचा दर्जा मोजताना प्रति मिलिमीटर रेषाजोड्यांचा आकडा संकेत-गोंगाट गुणोत्तराने गुणतात. ६४ रेषाजोड्या आणि २८ गुणोत्तर असल्यास गुणांक १,७९२ येतो. या प्रकारात प्रतिमा नैसर्गिक दिसते, बारकावे टिकतात आणि बॅटरी दीर्घकाळ पुरते. मात्र दाट धुके, धूर किंवा झाडोऱ्याच्या आडचे काही दिसत नाही आणि संपूर्ण काळोखात अवरक्त दिव्याची मदत घ्यावी लागते.

थर्मल

हे उपकरण प्रकाश पाहत नाही. प्रत्येक वस्तूतून बाहेर पडणारी ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता ते टिपते. त्यामुळे काळोख कितीही असला तरी फरक पडत नाही. विरळ धूर किंवा गवतामागील उबदार शरीर ठळकपणे उठून दिसते. भिंग जर्मेनियमचे असते, कारण साध्या काचेतून ही उष्णता पार होत नाही. याच कारणाने मोटारीच्या काचेमागे बसलेला माणूस थर्मलला दिसत नाही. मुसळधार पावसात, तसेच पहाटे व तिन्हीसांजेला परिसर आणि लक्ष्य यांचे तापमान जवळ आले, की चित्र फिके पडते.

खरेदीदाराने येथे तीन आकडे पाहावेत. संवेदकातील बिंदूंची संख्या (३८४ × २८८ किंवा ६४० × ५१२), बिंदूचा आकार (१७ किंवा १२ मायक्रोमीटर) आणि मिलिकेल्विनमध्ये दिलेली तापमान-संवेदनशीलता. यातील शेवटचा आकडा जितका लहान तितका चांगला. प्रतिमा छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर उमटत असल्याने मागच्या दुर्बिणीची वर्धनक्षमता चार-सहा पटींपलीकडे नेली, की चित्राचे चौकोनी ठिपके दिसू लागतात.

डिजिटल

कॅमेऱ्यातील संवेदकासारखाच संवेदक आणि सोबत अवरक्त दिवा, अशी ही रचना. किंमत कमी, दिवसाच्या उजेडाने बिघडण्याची भीती नाही, चित्रीकरणही करता येते. परंतु दिव्याविना पल्ला तोकडा पडतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर पोहोचतो, पण त्याची मंद लाल झाक समोरून दिसू शकते. ९४० नॅनोमीटरचा दिवा अदृश्य राहतो, मात्र त्याचा पल्ला कमी असतो.

नेम खरोखर बदलत नाही का?

'नेम जुळवण्याची गरज नाही' हा विक्रेत्यांचा दावा अर्धाच खरा आहे. उपकरणातून जाणारे किरण किंचितही कलले, तर गोळी सरकते. एक मिनिट कोनाची चूक १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरते आणि ३०० मीटरवर ती पावणेनऊ सेंटिमीटर होते. रायफलच्या रेल्वर पक्के बसणारे उपकरण दर वेळी जवळजवळ त्याच जागी येते. दुर्बिणीच्या तोंडाशी कड्याने जोडलेले उपकरण हलके व सोयीचे असते, पण कडे नीट आवळले नाही तर चूक वाढते. म्हणून उपकरण लावून प्रत्यक्ष गोळी झाडून पडताळा घेणे अटळ ठरते.

दिसणे आणि ओळखणे

तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पल्ल्याच्या आकड्यात दडलेला आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार काहीतरी आहे एवढे कळण्यासाठी लक्ष्याच्या लहान बाजूवर सुमारे एक रेषाजोडी पुरते. ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळण्यास चार आणि नेमके काय आहे हे ओळखण्यास सहाहून अधिक रेषाजोड्या लागतात. जाहिरातीत छापलेला १,८०० मीटरचा पल्ला बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्याच उपकरणातून खात्रीची ओळख तीनशे मीटरच्या आतच पटते. थर्मलमध्ये उबदार ठिपका दुरून दिसतो, पण तो रानडुकराचा, गायीचा की वाकून बसलेल्या माणसाचा, हे त्या अंतरावरून सांगता येत नाही. शोधासाठी थर्मल सरस आहे आणि ओळखीसाठी चांगली तीव्रक नळी सरस आहे. अंतर कळत नसेल आणि ओळख पटत नसेल, तर चाप न ओढणे हाच नियम.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीत फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र कायद्यातील दुरुस्ती अमलात आली. परवानाधारक शिकाऱ्यांना क्लिप-ऑन उपकरणे वापरण्याची मुभा मिळाली, पण नेमरेषा असलेल्या स्वतंत्र रात्रीच्या दुर्बिणीवरील बंदी कायम राहिली. प्रत्यक्ष शिकारीची परवानगी तेथील राज्यांच्या नियमांवर अवलंबून असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रांडेनबुर्गमधील रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर आढळला आणि या उपकरणांचे महत्त्व तेथे वाढले.

गोव्याच्या डोंगराळ तालुक्यांतील शेतकऱ्यांनाही रानडुकरांचा उपद्रव नवा नाही. तथापि आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. कलम ११ खालील अपवाद केवळ सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेच लागू होतो. त्यामुळे भारतात या उपकरणांचे खरे क्षेत्र म्हणजे सैन्य व सुरक्षा दले. त्यांच्यासाठी लागणाऱ्या प्रतिमा-तीव्रक नळ्या पुण्यातील बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही कंपनी तयार करते, तर या क्षेत्रातील संशोधन डीआरडीओच्या डेहराडून येथील प्रयोगशाळेत चालते.

उपकरण कोणतेही असो, ते डोळ्याला अंधारातले दाखवते. समोर कोण आहे याची खात्री करून घेण्याची जबाबदारी मात्र चापावर बोट असलेल्या माणसाचीच राहते.