काउंटरवरचा कर आणि पार्सलातला कर

वाचकहो, एकच वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली तर कर पडतो आणि पार्सलाने मागवली तर पडत नाही, असे झाले तर दुकानदाराने कोणाकडे दाद मागावी? अमेरिकेत ह्या प्रश्नाने तब्बल अर्धशतक न्यायालयांचा उंबरठा झिजवला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दुकान असेल, काहींची मुले वाणिज्य शाखेत शिकत असतील; म्हणून ही हकीकत मुद्दाम सांगतो.

अमेरिकेत विक्रीकर केंद्र सरकारचा नव्हे, घटकराज्यांचा. १९३० नंतरच्या महामंदीत तिजोऱ्या रित्या झाल्या, तेव्हा एकामागून एक राज्यांनी तो बसविला. कर गिऱ्हाइकाचा, पण गोळा करून सरकारजमा करायचा दुकानदाराने. परराज्यातून माल मागविणाऱ्यासाठी ‘वापरकर’ होता. म्हणजे गिऱ्हाइकाने आपणहून हिशेब करून तो भरावा! मोटारीची नोंदणी करावीच लागते, तेथे तो वसूल होई. बाकी कोण भरतो?

मिसूरी राज्यातील नॅशनल बेलस हेस ही कंपनी टपालाने सूचिपत्रे धाडून माल विकीत असे. इलिनॉय राज्याने तिला कर गोळा करण्यास सांगितले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या राज्यात व्यापाऱ्याचे दुकान नाही, गुदाम नाही, माणूस नाही, नुसते टपाल आणि पार्सल जाते, त्या राज्यासाठी कर गोळा करण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. हा निर्णय अगदीच अन्यायाचा होता असे मला वाटत नाही. राज्याचा दर वेगळा, जिल्ह्याचा वेगळा, शहराचा वेगळा; एके ठिकाणी कपडा करमुक्त, तर दुसरीकडे त्यावर कर. संगणक घरोघर नसलेल्या काळात हे जंजाळ एका व्यापाऱ्याने कसे सांभाळावे?

१९९२ साली हाच वाद पुन्हा उभा राहिला. क्विल कंपनी कचेऱ्यांना लागणारे सामान विकी. नॉर्थ डकोटात तिची सुमारे ३,००० गिऱ्हाइके आणि वर्षाची विक्री दहा लाख डॉलरांच्या जवळपास. तरीही न्यायालयाने जुना नियम कायम ठेवला. आंतरराज्य व्यापाराचे नियमन काँग्रेसच्या हाती आहे, तिला वाटल्यास तिने कायदा करावा, असेही सांगितले. काँग्रेसने तो केला नाही. २०१३ साली सिनेटने एक विधेयक संमत केले, ते प्रतिनिधिगृहात अडकले.

दरम्यान १९९४ साली ॲमेझॉनचा जन्म झाला होता. टपालाच्या सूचिपत्रांसाठी घातलेल्या नियमाचा लाभ आता इंटरनेटवरच्या विक्रेत्यांना मिळू लागला. गिऱ्हाईक दुकानात येऊन माल पाहून जाई, दुकानदाराचा वेळ घेई आणि घरी जाऊन तोच माल ऑनलाइन मागवी. दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, वर कर. भावाची स्पर्धा करावी तरी कशी?

साउथ डकोटा राज्यात आयकर नाही, भिस्त विक्रीकरावर. त्या राज्याने २०१६ साली जाणूनबुजून असा कायदा केला की, तो न्यायालयात जावाच : वर्षाला १ लाख डॉलरांहून अधिक विक्री किंवा २०० व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याने कर गोळा करावा. फर्निचर विकणारी वेफेअर आणि इतर दोन कंपन्यांशी हा खटला चालला. २१ जून २०१८ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी राज्य जिंकले. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती केनेडी ह्यांनी. १९९२ साली त्यांनीच उलट मत दिले होते! सरन्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांचे भिन्नमत मात्र वाचण्यासारखे आहे. हा बदल काँग्रेसने करावा, आणि भार लहान विक्रेत्यावर पडेल, असे त्यांचे म्हणणे. ही भीती पोकळ नव्हती. म्हणूनच पुढे राज्यांनी वसुलीची जबाबदारी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरही टाकली. विक्रीकर असलेल्या ४५ राज्यांपैकी शेवटचे मिसूरी १ जानेवारी २०२३ पासून ह्या रांगेत आले. ज्या मिसूरीतल्या कंपनीपासून हा वाद सुरू झाला, तेच हे राज्य.

आपल्याकडे तराजू उलट्या बाजूस झुकला होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या दुकानदाराला २०१९ पासून ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण तोच माल ऑनलाइन विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी असे. घरी बसून मसाले विकू पाहणाऱ्या भगिनीची ह्यात अडचण होई. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर ही सूट मिळाली. परराज्यात माल पाठवायचा असेल, तर ती लागू होत नाही.