बाहेरकाठा कुणाचा?

पिठोरी अमावास्या काल झाली, म्हणजे आज उधाण. दुपारचा एक वाजतोय आणि तुम्ही वाशीच्या मिनी सीशोअरवर छत्री सावरत उभे आहात. एका हाताला काठोकाठ भरलेली ठाण्याची खाडी, दुसऱ्या हाताला धारण तलाव. ‘धारण तलाव’ हे सरकारी कागदावरचं नाव, इथे सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. मधल्या बांधावर पेव्हर ब्लॉक, बाकं, कणसं भाजणारा एकजण. खाडीचं पाणी तलावापेक्षा चांगलं वर चढलंय, हे नीट बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. लक्षात आलं की मागे वळून इमारतींच्या तळमजल्यांकडे बघावंसं वाटतं.

नवी मुंबईचे बरेच भाग भरतीच्या रेषेखाली आहेत. अशा वेळी सेक्टरांतलं पावसाचं पाणी नाल्यांनी या तलावात येऊन थांबतं. तोंडाशी झाकणासारखे दरवाजे आहेत. भरती त्यांना बाहेरून दाबून मिटवते, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. या व्यवस्थेला कौतुकाने ‘डच पद्धत’ म्हणतात. हे झाकण ओळखून ठेवा, पुन्हा भेटणार आहे.

आता काठाकाठाने दक्षिणेला चला. बेलापूर मागे टाका, पनवेलची खाडी ओलांडा, आणि चालता चालता दोनशे वर्षं उतरा. पेशवाई बुडून काही वर्षं झाली आहेत. पुढे जिथे उलव्याच्या इमारती आणि विमानतळ येणार आहे, तिथे काळोख आहे, पाऊस आहे आणि चिखल. अमावास्येनंतरचीच रात्र, कारण उधाणाला पंचांग सोडवत नाही. मध्यरात्रीची भरती नुकतीच टळली आहे. पाय घोट्यापर्यंत रुततात. कुणीतरी थाळा बडवतोय.

“खांड परली रं! बांद फुटला!”

तुमच्या हातात टोपली येते. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. खांड पडली की हात मोजतात. समोरचा बांध म्हणजे बाहेरकाठा, खाडी आणि भात यांच्यामधली चिखल-दगडांची भिंत. तिला पाच-सहा माणसं शेजारी उभी राहतील एवढं भगदाड पडलंय. आत चिंबोऱ्या पळताहेत आणि खारं पाणी राता भाताच्या लोंब्यांखाली चमकतंय. राता हे लाल दाण्याचं, खार सोसणारं भात. बी भिजवून, मोड आणून, चिखलात फेकून पेरायचं. त्याला रहू म्हणतात. खार सोसणारं म्हणजे किती? पावसाने धुतलेल्या मिठाइतकं. अख्खी खाडी पोटात घेण्याइतकं नाही. हे शेत आता गेलं, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुण्यात जाणार.

पुढची भरती उद्या दुपारी. मधे एक ओहोटी, तेवढाच वेळ. पेंढा, करंजाचे डहाळे, दगड, त्यावर खाजणातला चिकट गाळ. तुम्ही रांगेत उभे राहून टोपल्या पुढे देता. या एकत्र राबण्याला जोळ म्हणतात. ज्याची जेवढी जमीन, तेवढी त्याची बांधावरची पाळी.

उजाडताना कारकून येतो. घोंगडीची खोळ, पायातल्या वहाणा हातात. तो शिलोत्रदाराचा माणूस.

शिलोत्रदार म्हणजे ज्याने, किंवा ज्याच्या आजा-पणजाने, हे खाजण बांध घालून समुद्राकडून मिळवलं तो. बांध घालायला पैसा लागतो. तो त्याने घातला, जमीन कुळांना लावली. सरकारचा सारा कूळ भरतं. शिवाय बिघ्याला एक मण भात शिलोत्रदाराला देतं, आणि तो मण बाहेरकाठा राखण्यासाठी असतो. कागदावर इतकं स्वच्छ प्रकरण कोकणात दुसरं नसेल.

“बिग्याला मनभर भात तुमी नेता,” एक म्हातारा खांडीकडे बोट दाखवतो. “तो कनाला नेता, भाऊसाहेब? या काठ्यासाठीच ना? मंग रातभर माती आमी कनाला टाकली?”

कारकून चिखलाकडे बघत विचारतो, “उघाडीवर बोकशी कुणी लावली होती?”

सगळे गप्प होतात. तुम्हीही होता, कारण उत्तर तुम्ही येताना पाहिलंय. बांधाच्या पोटात लाकडी दार आहे, बाहेरच्या बाजूला टांगलेलं. भरतीने मिटतं, ओहोटीने उघडतं, पावसाचं पाणी सोडतं, खाडीचं अडवतं. ती उघाडी. (वाशीचं झाकण आठवलं? वाशीत त्याला डच म्हणतात, इथे सुतार करतो.) ओहोटीला तिच्यातून पाण्याबरोबर मासळीही येते, म्हणून तोंडाशी बोकशीचं जाळं लावतात. आणि जास्त मासळी हवी, तर भरतीला दाराखाली एखादा दगड अडकवून थोडं पाणी आत घ्यायचं. थोडंच.

तेव्हा चूक कुणाची? कारकुनाचं म्हणणं, दार अडकवलंत म्हणून पाणी तुंबलं आणि काठा खचला. म्हाताऱ्याचं म्हणणं, काठ्यावर दोन वर्षांत मालकाचा एक दगड पडलेला नाही. तुम्ही मधे उभे आहात आणि तुम्हाला दोघांचंही पटतंय. ही अडचणीची जागा आहे, तिथून लवकर हला. पण भांडण जमिनीच्या मालकीचं नाही, एवढं ध्यानात ठेवा. जमीन कुणाची यावर इथे दुमतच नाही. मण घेणारा ठरलेला आहे, माती टाकणारा ठरायचा आहे.

गोव्यातही हेच. तिथे दाराला मानस म्हणतात, त्यावरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि जास्त मासळीसाठी खारं पाणी आत घेतल्याच्या तक्रारी आजही होतात. खुद्द हॉलंडमध्ये तर बांधाचं भांडण राज्यकारभारापर्यंत गेलं. बांध आणि कालवे सांभाळणारी तिथली जलमंडळं फार जुनी. लायडनजवळच्या राइनलंड मंडळाला 1255 मध्ये सनद मिळाली. तिथला जुना नियम असा: जमीनदाराने आपल्या वाट्याचा बांध राखलाच पाहिजे. जमलं नाही, तर आपली कुदळ बांधात रोवून त्याने निघून जायचं. जो ती उपटेल त्याची जमीन, आणि त्याच्याच गळ्यात बांध. क्रूर नियम होता, पण मण घेऊन घरी बसायची सोय त्यात नव्हती. डच पद्धत आणायचीच होती, तर झाकणाबरोबर ही कुदळही आणायला हवी होती, असं मला फार वाटतं.

आता वर्षांच्या उतरणीवरून थोडं वर या. अलिबागजवळच्या चरी गावात 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळं खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संपाला उभी राहिली आहेत. नांगर 1939 पर्यंत जमिनीला लागणार नाही. शेतात उभे राहून बघा: खारीची जमीन सहा वर्षं पडीक, माणसं रानातली लाकडं विकून जगताहेत. 17 सप्टेंबर 1937 ला डॉ. आंबेडकर खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडतात.

मग येतं 1948. हे साल मला शाळेत कधी कुणी महत्त्वाचं म्हणून सांगितलं नाही. याच साली कूळकायदा झाला, आणि याच साली मुंबई प्रांताचा खार जमीन कायदाही. एकाने जमीन कुळाकडे सरकवायला घेतली, दुसऱ्याने बांधाची काळजी सरकारी मंडळाकडे. 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झालं. म्हाताऱ्याचा खापरपणतू तुम्हाला सातबारा दाखवतो. त्यावर त्याचं नाव आहे. तुम्ही बाहेरकाठ्याकडे बोट दाखवता. “तो सरकारचा,” तो म्हणतो. पण पाऊस लागला की टोपली घेऊन तोच जातो. मंडळाचं पत्र उधाणाच्या आत येत नाही.

1970 साली, 17 मार्चला सिडको स्थापन होते. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे जुळं शहर वसवावं, ही चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांची 1965 मधली कल्पना. तिच्यासाठी 95 गावांची जमीन संपादनात येते, भातखाचरं, खाजणं आणि मिठागरांसकट. त्याच खापरपणतूच्या हातात आता नोटीस आहे. जानेवारी 1984 मध्ये तुम्ही उरणच्या रस्त्यावर, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढणाऱ्या दि. बा. पाटलांच्या मागच्या गर्दीत असाल. 16 आणि 17 तारखेला गोळीबार होतो, पाच जण मरतात. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा ज्या लढ्यातून पुढे मिळाला, तो हाच. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. बाहेरकाठ्याबद्दल कमी. संपादन झालेल्या खारीत शेती थांबली तशी जोळही थांबली. काठ्याकडे बघायला कुणी उरलं नाही. कितीतरी ठिकाणी खांड पडली ती पडलीच, आत उधाण खेळू लागलं आणि रात्याच्या जागी तिवरं उगवली.

पाऊस थांबलाय. तुम्ही पुन्हा वाशीला आहात, सहा वाजायला आलेत, छत्री मिटा. धारण तलावात बघा: पाण्याच्या मधोमध हिरवं बेट. वर्षानुवर्षं नाल्यांतून गाळ आला, गाळावर तिवरं आली. गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागणार, आणि तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 मधल्या आदेशांचं संरक्षण आहे. ते असायलाच हवं. तिवरं नसती तर खाडीने हा काठ कधीच चाटून नेला असता. पण गाळ न काढला तर तलावात पाणी मावत नाही आणि सेक्टर तुंबतात. तलाव सिडकोने बांधले, 1992 मध्ये आलेल्या महापालिकेने सांभाळायला घेतले, तिवरांचा विषय वनखात्याचा, परवानगी न्यायालयाची. एक मण भात कोण घेतं, हे मालमत्ता कराच्या पावतीवर लिहिलेलं असतं. टोपली कुणी उचलायची, याच्या फायली फिरताहेत.

बाकावर एक आजोबा बसलेत, जवळच्या जुहूगावचे. गुडघ्यांवर हात, नजर दरवाज्यांकडे. तुम्ही विचारता, “काय बघताय, आजोबा?”

“उघाडी,” ते म्हणतात.

झाकण थोडं हलतं. खालून एक काळपट धार खाडीत सुटते. तिच्यात पिशव्या, पानं, एक चप्पल. ते वाकून बघतात. दुसरं झाकण अजून हललेलं नाही. त्याच्या खाली काहीतरी अडकलंय, लाकूड असेल नाहीतर दगड.

“कोनी तरी येला पायजे,” आजोबा म्हणतात आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढायला लागतात.