धुरके, तेल आणि काजळी

मोटारीच्या इंजिनात दट्ट्याच्या कडेने थोडा वायू खाली, तेल असते तेथे निसटतो. पूर्वी तो तेलाच्या वाफेसह एका नळीने रस्त्यावर सोडला जाई. १९५०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी दाखवले, की लॉस एंजेलिसचे धुरके अशा हायड्रोकार्बन वायूंपासून सूर्यप्रकाशात बनते. १९६१पासून कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत ही वाफ पुन्हा इंजिनात जाळली जाऊ लागली. हवेबरोबर आत येणारे पेट्रोल प्रवेश-झडपा धूत असे. पुढे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी टर्बो इंजिने आली. धुणे थांबले, वाढत्या दाबाने निसटता वायूही वाढला. झडपांवर काजळी साचू लागली. म्हणून तेलाचे थेंब वाटेतच वेगळे करणारा विलगक महत्त्वाचा ठरला. जुना उपाय चुकला नव्हता. त्याच्याभोवतीचे इंजिन बदलले होते.