‘आपल्या पोरांना उन्हाची सवय आहे’

मे महिन्यात अक्कलकुव्यातून कुणी मुलाबाळांसह परदेशी निघालं, की निरोप द्यायला आलेल्यांपैकी एकजण तरी म्हणतोच, ‘अहो, ४५ अंशांत वाढलेली पोरं आपली. तिकडचं ऊन त्यांना काय करणार?’ दुबईला निघालेल्यांना हे ऐकवलं जातं. जुलैत नातवंडांना घेऊन पॅरिसला लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांनाही ऐकवलं जातं. यात धीर कमी आणि अभिमान जास्त असतो. भरताच्या वांग्यांखालोखाल खानदेशाने मिरवायची गोष्ट म्हणजे ऊन! मला हे मत चुकीचं वाटतं. त्याचा आणखी एक उपयोग केला जातो, तो तर फार वाईट आहे. त्याकडे शेवटी येतो.

पूर्वपक्षाला शास्त्राचा आधार आहे, हे आधी कबूल केलं पाहिजे. रोज उन्हात राबणाऱ्याचं शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतं. घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो, नाडी पूर्वीइतकी धावत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत नव्या मजुराला आधी अशी सवय लावून मगच खाली उतरवत. म्हणजे सवय ही थाप नाही. पण त्याच शास्त्राचा पुढचा भाग आपण ऐकत नाही. उन्हापासून दूर राहिलं, की ही कमाई तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. ती रक्तातून मुलांकडे येत नाही. ज्याची त्यानेच कमवावी लागते. आता सांगा, सुट्टीत कूलरपुढे मोबाईल घेऊन लोळणाऱ्या पोराने ती कधी कमावली? बापाने शेतात गाळलेल्या घामावर लेकाचा उन्हाळा निभत नाही.

मग आपण इतकी वर्षं उन्हाळे काढतो ते कशाच्या जोरावर? सातपुड्यातलं जुनं घर आठवा. कुडाच्या भिंतींना शेणामातीचा लेप, पाड्यावर घराघरांत भरपूर अंतर, त्यामुळे वारा अडत नाही. मोहाची फुलं वेचायची ती उजाडायच्या आत. मे महिन्यात आमचूरसाठी कैऱ्या सोलणाऱ्या बाया सावली धरून बसतात. उन्हात पडून असतात त्या फक्त कैरीच्या फोडी. अकराच्या पुढे बाजारात कुत्रंसुद्धा फिरत नाही. डोक्याला रुमाल, घरात माठ, दुपारी पन्हं, रात्री अंगणात खाट. आपण जिला सवय म्हणतो, तिच्यात शरीराचा वाटा थोडा आणि या बंदोबस्ताचा मोठा. प्रवासाला निघताना बॅगेत कपडे येतात, हा बंदोबस्त येत नाही.

पॅरिसचंच घ्या. ते शहर बांधलं थंडीपासून वाचण्यासाठी. छपरांवर जस्ताचे पत्रे, त्यांच्याखाली पोटमाळ्याच्या खोल्या, आणि छताला पंखा बहुधा नाहीच. २५ जुलै २०१९ रोजी तिथे ४२.६ अंशांची नोंद झाली. आकडा नंदुरबारच्या मानाने साधा, पण त्या पत्र्याखाली रात्री झोपायचं आहे, हे विसरू नका. आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि आपल्या माणसाला ती हमखास फसवते. आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो, म्हणून ‘चार वाजले, चला बाहेर’ हा हिशेब जमतो. पॅरिसचं घड्याळ उन्हाळ्यात सूर्याच्या बरंच पुढे धावतं. तिथला खरा मध्यान्ह जवळजवळ दोनला होतो आणि उन्हाचा कहर चार ते सहाच्या दरम्यान असतो. सूर्य मावळता मावळता रात्रीचे दहा वाजत येतात. आपल्या घड्याळाच्या भरवशावर चारला नातवंडांना मनोऱ्याच्या रांगेत उभं केलं, तर ते ऐन भट्टीत उभं केलं.

२००३च्या उन्हाळ्यात युरोपभर उष्णतेच्या लाटेत ७० हजारांहून अधिक माणसं गेली. २०२१च्या जून अखेरीस कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६वर पोचला. त्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ जण दगावले आणि त्यांतले बहुतेक सगळे घरात होते. घर म्हणजे सावली, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं, की घरच माणसाला शिजवू शकतं हे पटत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘ते गोरे लोक. त्यांना सवय नव्हती, म्हणून गेले.’ बरं, मग सवय असलेल्यांकडे वळू. मे २०१०मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८वर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसं जास्त मेली. त्या शहराला उन्हाळा नवा होता का? तिथल्या पालिकेने त्यातून धडा घेतला आणि २०१३मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, हे तिचं श्रेय. आपल्या राज्यातलं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी तिथलं तापमान ३८च्या आसपास होतं. ३८ला खानदेशात कुणी उन्हाळासुद्धा म्हणत नाही. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामाने अंग गार होत नाही. दुबईतही समुद्राकाठी हीच गत होते. आपली झळ कोरडी, तिथली ओली. ‘आमच्याकडे यापेक्षा जास्त असतं’ म्हणणारा नुसता पारा मोजतो.

तिसरा दाखला अक्कलकुव्याला जवळचा आहे. इथल्या जामिया या मोठ्या मदरशामुळे गावाचं नाव देशभर पोचलं, आणि इथली अनेक घरं हजयात्रेशी जोडलेली आहेत. जून २०२४मध्ये मक्केत पारा ५१.८वर गेला आणि हजला आलेले १३००हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सर्वांत जास्त बळी इजिप्तच्या यात्रेकरूंचे होते. वाळवंटी देशातल्या माणसांना उन्हाची सवय नव्हती, असं कोण म्हणेल? सौदी सरकारने सांगितलं, की मृतांपैकी ८३ टक्के लोक परवान्याविना आलेले होते. तंबू नाही, निवारा नाही, उन्हात लांबवर पायी चाललेले. ऊन सगळ्यांना सारखंच होतं. बंदोबस्त असलेले बहुतांशी तरले आणि नसलेले पडले. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा मला सापडत नाही.

मुलांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त असते. म्हणून हवा अंगापेक्षा तापली, की ती मोठ्यांहून लवकर तापतात. घामही त्यांना कमी येतो. खेळात तहान विसरतात आणि कोमेजली की हट्ट केल्यासारखी किरकिरतात. मग आपण त्यांनाच रागावतो. संयुक्त अरब अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाळवंटात काढलेल्यांना असा कायदा करावासा वाटला. आणि आपण त्याच वेळेला पोरांना उंटावर बसवायला नेतो, का तर तिकिटाचे पैसे भरले आहेत.

आता दुसऱ्या उपयोगाकडे येतो. अक्कलकुवा तालुक्यातून मुलाबाळांसह परमुलखात जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांकडे पासपोर्ट नसतो. ती दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. गुजरातची हद्द इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. १ मे १९६०ला ती आखली गेली. भिली बोलणारे लोक तिच्या दोन्ही अंगांना आहेत, पण मराठी शाळेतून उठून गेलेल्या पोराला ती ओलांडताच पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर लिहिलं, त्यातही खानदेशातून येणाऱ्या टोळ्या आहेतच. हंगाम लांबत लांबत एप्रिलात जातो. पाड्यावरचं कुडाचं घर मागे राहिलेलं, तिथे प्लास्टिकच्या कागदाची खोपी, दुपारी आत हात घालवत नाही. फडात झाड नसतं. तान्हं मूल मोळ्यांच्या सावलीत निजतं, आणि ती सावली दर तासाला सरकते.

या पोरांबद्दल विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘आदिवासींची पोरं ती, त्यांना सवय आहे.’ वाक्य तेच, निरोपाच्या वेळचं. फक्त इथे ते अभिमानाने म्हटलेलं नसतं, जबाबदारी झटकायला म्हटलेलं असतं. ते नवंही नाही. १८३४पासून मॉरिशसच्या उसासाठी हिंदुस्थानातून गिरमिटी मजूर नेले गेले, त्यांत पुढे कोकणातली मराठी कुटुंबंही होती. या लोकांना उष्ण हवा मानवते, हा युक्तिवाद मळेवाले तेव्हाही करत असत. म्हणून ज्यांना हे वाक्य विमानतळावर गोड वाटतं, त्यांनी ते कुणाच्या तोंडचं आहे हे एकदा पाहून घ्यावं.

परदेशी निघालेल्या आई-वडिलांना मी एवढंच म्हणेन, की मुलांचं वेळापत्रक तिथल्या सूर्यावर बेता आणि दुपारची फिरती रद्द करा; बुडाले पैसे तर बुडू द्या. आणि एप्रिलात अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने टोळ्या परत आणणाऱ्या मुकादमांना विनंती आहे: गाडी दिवस कलल्यावर सोडा, वर ताडपत्री बांधा, आणि पाण्याचा ड्रम पोरांच्या हाताला येईल असा ठेवा.