ढाका : सार्वजनिक वाहतूक व रस्ते

बांगला देशाच्या राजधानीतील प्रवासी वाहतूक व तिच्यासाठी उभारलेले मार्ग. बुढीगंगा नदीच्या काठचे जुने ढाका अरुंद गल्ल्यांचे; नंतरची वाढ मुख्यतः उत्तरेकडे, मीरपूर व उत्तरा या दिशांना झाली. शहराच्या क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा सामान्यतः ७ ते ८ टक्के मानतात. पूर्व-पश्चिम जोडरस्ते अपुरे आहेत. शहरातून जाणाऱ्या लोहमार्गाची फाटके बंद झाली की वाहनांच्या रांगा लागतात. वाहनांचा सरासरी वेग ताशी सु. ७ किमी.पर्यंत घसरल्याचे जागतिक बँकेने २०१७ मध्ये नमूद केले.

बस : ढाक्याच्या वाहतुकीचे मर्म बसच्या मालकीत आहे. बहुतेक बसगाड्या असंख्य खाजगी मालकांच्या आहेत. एका कंपनीच्या नावाखाली धावणाऱ्या गाड्यांचेही मालक वेगवेगळे असतात. चालक ठराविक रक्कम मालकाला देण्याच्या बोलीवर दिवसभरासाठी गाडी घेतो. वर उरेल ते त्याचे व मदतनिसाचे. त्यामुळे एकाच मार्गावरच्या गाड्या उतारू मिळवण्यासाठी एकमेकींना आडव्या जातात. थांब्यावर गाडी पुरती थांबत नाही; दारात लोंबकळणारा मदतनीस पत्र्यावर थाप मारतो आणि उतरणाऱ्याला डावा पाय आधी टाकायला सांगतो. २९ जुलै २०१८ रोजी विमानतळ रस्त्यावर अशाच शर्यतीत दोन महाविद्यालयीन विद्यार्थी चिरडले गेले. त्यानंतर गणवेशातील मुलामुलींनी रस्त्यांवर उतरून चालकांचे परवाने तपासले, रुग्णवाहिकांसाठी वेगळी वाट मोकळी ठेवली. त्याच वर्षी नवा रस्ते वाहतूक कायदा संमत झाला. कमाईची पद्धत मात्र तशीच राहिली. सर्व बस मोजक्या कंपन्यांत आणण्याची योजना उत्तर ढाक्याचे महापौर अनिसुल हक (मृत्यू २०१७) यांनी हाती घेतली होती. त्या धर्तीवर डिसेंबर २०२१ मध्ये घाटारचर-कांचपूर मार्गावर ‘ढाका नगर परिवहन’ ही बससेवा सुरू झाली. पण त्याच रस्त्यावर इतर गाड्याही धावत राहिल्याने प्रयोगाला बळ आले नाही. तरी बस मोजक्या कंपन्यांत आणणे हीच प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाची सुधारणा होय.

मेट्रो : पहिला मार्ग (एमआरटी-६) जपानी कर्जसाहाय्याने बांधला. २०१६ मध्ये ढाक्यातील होली आर्टिझन उपाहारगृहावर झालेल्या हल्ल्यातील मृतांत शहराच्या मेट्रोसाठी काम करणारे जपानी सल्लागार होते. उत्तरा-आगारगाव टप्पा २८ डिसेंबर २०२२ रोजी, तर मोतीझीलपर्यंतचा नोव्हेंबर २०२३ मध्ये खुला झाला. लांबी सु. २० किमी., स्थानके १६. सुरुवातीचे भाडे किमान २० व कमाल १०० टाका. जुलै २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनाच्या काळात मीरपूर-१० व काझीपाडा स्थानकांची मोडतोड झाली; दोन्ही त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली.

उड्डाणपूल : महाखाली (२००४) हा पहिला. विमानतळ-फार्मगेट उन्नत द्रुतगती मार्ग सप्टेंबर २०२३ मध्ये खुला झाला. तो पथकराचा असून त्यावर तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. रोज बसने जाणाऱ्या बहुसंख्यांपेक्षा त्याचा लाभ मोटारवाल्यांना अधिक.

रिक्षा : सायकलरिक्षांच्या संख्येबाबत अंदाजांत मोठी तफावत आहे, परवानाधारक थोडे. मोठ्या रस्त्यांवरील बंदीबाबत मतभेद आहेत. रिक्षा व रिक्षाचित्रकलेचा समावेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसायादीत झाला. दोन-स्ट्रोक ऑटोरिक्षा २००३ पासून बंद. त्यांची जागा सीएनजी रिक्षांनी घेतली.

जलमार्ग : बुढीगंगेवरील सदरघाटाहून दक्षिणेकडील जिल्ह्यांना लाँच सुटतात; पद्मा नदीवरील सेतू खुला झाल्यानंतर (२०२२) त्यांचे प्रवासी घटले.