युद्धातून सुटलेला घोडा

युद्धाहून परतलेल्या सैनिकांचे मन सावरण्यासाठी घोड्यांची मदत घेणाऱ्या संस्था आज अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि इतरत्रही बऱ्याच आहेत. आपल्या कामाचा इतिहास सांगताना त्यातल्या अनेक संस्था प्राचीन ग्रीसपासून सुरुवात करतात. हिप्पोक्रॅटिसचे नाव येते, झेनोफनचे येते, आणि माणूस व घोडा यांचे नाते मुळातच आरोग्यदायी असल्याचे सांगितले जाते. ही वंशावळ मला पटत नाही. झेनोफन स्वतः सैनिक होता, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने अश्वविद्येवर लिहिले, घोड्याला मारझोड न करता समजुतीने शिकवावे असेही सांगितले. पण त्याला हवा होता तो रणात न बिचकणारा घोडा. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे सैनिक आणि घोडे एकत्र राहिले, एकत्र मेले, तरी घोड्याकडे सैनिकावरचा इलाज म्हणून पाहण्याची रीत काही रुळली नाही. माझ्या मते हा उपचार गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतला आहे, आणि घोडा सैन्याच्या कामातून सुटला म्हणूनच तो शक्य झाला. सैन्यातून येताना त्याने एक गोष्ट मात्र बरोबर आणली, ती म्हणजे रोजच्या देखभालीची शिस्त. या उपचाराचे बळ स्वारीपेक्षा त्या देखभालीत जास्त आहे.

घोडा सैन्यात होता तेव्हा हे का जमले नाही, हे पहिल्या महायुद्धाकडे पाहिले की कळते. १९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्याकडे सुमारे २५,००० घोडे होते. बारा दिवसांत देशभरचे तबेले रिकामे करून ही संख्या १,६५,००० च्या आसपास नेण्यात आली. आधी घोड्याला पाणी आणि दाणा, मग माणसाचे जेवण, हा घोडदळाचा नियम होता आणि तो मनापासून पाळला जाई. पण युद्ध संपल्यावर त्याच घोड्यांचे काय झाले? ऑस्ट्रेलियाने परदेशी रणांगणांवर एक लाखाहून जास्त घोडे पाठवले. त्यातला परत आला तो एकच, सँडी नावाचा. बाकीचे मेले, विकले गेले किंवा गोळी घालून संपवले गेले. ब्रिटिशांनी इजिप्तमध्ये विकलेले घोडे कैरोच्या रस्त्यांवर आणि दगडांच्या खाणींत गाड्या ओढत राहिले. डोरोथी ब्रूक ही एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याची पत्नी १९३० मध्ये तिथे पोचली, तेव्हा युद्ध संपून बारा वर्षे झाली होती. ते म्हातारे घोडे पाहून तिने १९३१ मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राला पत्र लिहिले. वाचकांनी इतके पैसे पाठवले की पुढच्या काही वर्षांत तिला सुमारे ५,००० घोडे विकत घेता आले. त्यातल्या बहुतेकांना वेदनामुक्त मरण देण्याखेरीज काही करण्यासारखे उरले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण याहून कठोर आहे. १६ जानेवारी १९४२ रोजी फिलिपिन्समधल्या मोरोंग गावात २६ व्या घोडदळाच्या तुकडीने शत्रूवर हल्ला चढवला. अमेरिकी सैन्याने घोड्यावरून केलेला हा शेवटचा हल्ला मानला जातो. काही आठवड्यांतच बतानच्या वेढ्यात अडकलेल्या त्या सैन्याने भुकेपोटी आपले घोडे मारून खाल्ले. तो हुकूम देणारे जनरल वेनराइट स्वतः घोडदळातले होते आणि त्यांनी आपल्या लाडक्या घोड्यालाही त्यातून वगळले नाही. घोड्याशी असे नाते आपल्याकडेही होते; मराठी वाचकाला बारगीर आणि शिलेदार हा भेद ठाऊक असतो. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिलेदारी पद्धत इंग्रजांच्या हिंदी घोडदळातही पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. शिलेदाराचा घोडा गेला की त्याची चाकरी धोक्यात येई. अशा नात्यात जिव्हाळा कितीही असो, घोडा हे हत्यारही होते आणि भांडवलही. सैनिकाला त्याचा जीव लावून सांभाळ करायचा होता आणि गरज पडली की त्याला मरणाच्या तोंडी द्यायचे होते. ज्या प्राण्याशी असा करार आहे, त्याच्याजवळ मनाची जखम उघडी करणे अवघड असते.

हा करार मोडला तो यंत्रांमुळे. रणगाडे आणि मालमोटारी आल्या, सैन्यांनी आपल्या पागा मोडल्या, आणि घोड्याला नवे काम मिळायला जागा झाली. त्याची पहिली ठळक खूण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दिसते. त्याआधी ऑलिंपिकमधली ड्रेसाज ही घोडेस्वारीची स्पर्धा फक्त सेनाधिकाऱ्यांसाठी होती. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले, पण त्यांचा एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट आहे असे पुढे उघड झाल्यावर ते काढून घेण्यात आले. १९५२ मध्ये ही अट गेली आणि स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक मिळवले. १९४४ मध्ये पोलिओ होऊन तिचे गुडघ्यांखालचे पाय लुळे पडले होते. घोडीवर चढायला आणि उतरायला तिला इतरांची मदत लागे. तिला हात देऊन विजयमंचावर नेणारा सुवर्णविजेता हेन्री सेंट सिर स्वीडिश सैन्यातला अधिकारी होता. त्याआधीही घोडेस्वारीतून उपचार करण्याचे प्रयत्न झाले होते. पहिल्या महायुद्धात ऑलिव्ह सँड्स या उपचारतज्ज्ञ बाईंनी ऑक्सफर्डच्या रुग्णालयातल्या जखमी सैनिकांसाठी आपले घोडे आणल्याचा उल्लेख या क्षेत्राच्या इतिहासात येतो. पण त्यातून परंपरा उभी राहिली नाही. ती हार्टेलनंतर राहिली. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या त्या १९६९ मध्ये.

तोपर्यंतचा भर शरीरावर होता. घोड्याच्या चालीने स्वाराची कंबर, पाठ आणि तोल यांना व्यायाम घडतो, हा त्यामागचा विचार. मनाकडे वळायला आणखी वेळ लागला, कारण सैनिकाच्या मनाच्या जखमेला वैद्यकाने मान्यता द्यायलाच उशीर केला. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) हा विकार अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आला. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘इगाला’ ही संस्था निघाली. तिच्या पद्धतीत एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक घोड्यांचा जाणकार असे दोघे एकत्र काम करतात, आणि घोड्यावर कोणी बसत नाही. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर हे काम सैनिकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचले.

त्यातले मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते २००६ मध्ये फोर्ट मायर या लष्करी तळावर सुरू झालेले काम. या तळाला लागून असलेले, वॉशिंग्टनजवळचे आर्लिंग्टन हे अमेरिकेचे प्रसिद्ध सैनिकी दफनस्थान. तिथे मानाच्या अंत्ययात्रेत शवपेटी तोफखान्याच्या जुन्या गाड्यावरून नेली जाते. गाड्याला सहा घोडे जुंपतात, सहाही घोड्यांवर खोगीर असते, पण स्वार फक्त डावीकडच्या घोड्यांवर बसतात, कारण पूर्वी उजवीकडच्या घोड्यांवर सामान लादले जाई. हा गाडा चालवणाऱ्या पथकातले सैनिक पहाटे चारच्या सुमारास तबेल्यात येऊन खरारा, चंदी-पाणी आणि चामड्याच्या साजाची सफाई करतात. सैन्यातून निवृत्त झालेल्या दोघांच्या पुढाकाराने याच घोड्यांवर वॉल्टर रीड रुग्णालयातल्या जखमी सैनिकांना बसवायला सुरुवात झाली. हातपाय गमावलेला सैनिक घोड्यावर, आणि दोन्ही बाजूंनी त्याला सांभाळत चालणारे पथकातले धडधाकट सैनिक. सहकाऱ्यांच्या शवपेट्या ओढणारे घोडे आणि त्यांची निगा राखणारे सैनिक मिळून जिवंत परतलेल्यांना उभे करत होते. इथे उपचाराची भाषा नवी होती, पण दिनक्रम घोडदळाचा, जुनाच.

हा दिनक्रम इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कान, डोळे, कातडी यांनी तो सतत धोक्याचा अंदाज घेत असतो, आणि जवळ येणाऱ्या माणसाच्या हालचालीतला ताण त्याला लगेच जाणवतो. पीटीएसडी झालेला सैनिकही असाच अखंड सावध असतो. खूर साफ करण्यासाठी घोड्याने पाय उचलून द्यावा असे वाटत असेल, तर सैनिकाला आधी स्वतःचा श्वास, आवाज, हात शांत करावे लागतात. कुत्रा माणसाकडे आपण होऊन येतो. घोड्याचा विश्वास मिळवावा लागतो. शिवाय रुग्णालयात सैनिक हा इतरांनी सांभाळायचा माणूस असतो. तबेल्यात त्याच्यावर कोणीतरी अवलंबून असते, आणि त्याला हे काम ओळखीचे वाटते.

हे सगळे ऐकायला बरे, पण पुरावा काय, हा आक्षेप रास्त आहे. २०१४ मध्ये मायकेल अॅनेस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला की मानसिक विकारांवरच्या अश्वोपचारांना भक्कम शास्त्रीय आधार नाही. तो त्या वेळी बरोबर होता. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या ‘मॅन ओ’ वॉर’ प्रकल्पात पीटीएसडी असलेल्या ६३ माजी सैनिकांना आठवड्याला एक अशी आठ सत्रे दिली गेली. स्वारी नाही, फक्त घोड्याजवळ राहून करायचे काम. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याच्या आसपास लोकांच्या लक्षणांत लक्षणीय घट झाली आणि ती तीन महिन्यांनंतरही टिकून होती. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय घोड्याचे की सोबतच्या माणसांचे, हे त्यावरून ठरत नाही. मिसूरीमधल्या २०१८ च्या अभ्यासात तुलनेचा गट होता, पण सैनिक होते अवघे २९, आणि तिथे स्वारी होती. हा अभ्यास माझ्या म्हणण्याविरुद्ध जातो असे कोणी म्हणू शकेल. पण अशा वर्गांत स्वारीआधीचा खरारा आणि खोगीर चढवणे हेही बहुधा स्वारानेच करायचे असते, त्यामुळे दोन्हींचा वाटा वेगळा काढता येत नाही. मी एवढेच म्हणेन की स्वारीशिवायही सुधारणा दिसली आहे, आणि औषधे किंवा बोलण्याचे उपचार सोडून घोड्याकडे जा असे सांगण्याइतका पुरावा कोणाकडेही नाही.

कुटुंबांचा भाग याच विचारातून येतो, आणि तो मला जोडकाम वाटत नाही. सैनिक घरी परततो तेव्हा बायकोमुले त्याच्या मूडभोवती आपले घर नव्याने लावून घेतात. दार आपटायचे नाही, मोठ्याने हसायचे नाही, अमुक विषय काढायचा नाही. काही कार्यक्रमांत अशा कुटुंबाला मिळून एक घोडा ठरावीक वाटेने न्यायला सांगतात. कोण हुकूम सोडतो, कोण गप्प राहतो, मूल कोणाकडे पाहते, हे घोडा कुठे थांबतो त्यावरून त्यांना स्वतःलाच दिसते. समुपदेशकाच्या खोलीत हेच बोलून काढायला बरेच दिवस लागतात.

सर्वांत गंभीर आक्षेप घोड्याच्या बाजूने आहे. त्याला युद्धातून सोडवले आणि पुन्हा माणसाच्या दुःखाला जुंपले, यात त्याची सुटका कुठे झाली? या आक्षेपाला बळ देणारी घटना आर्लिंग्टनच्या त्याच पथकात घडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये चार दिवसांत तिथले दोन घोडे पोटाच्या विकाराने मेले. चौकशीत निकृष्ट चारा, अपुरी मैदाने आणि हेळसांड उघड झाली. २०२३ मध्ये घोड्यांच्या अंत्ययात्रा थांबवाव्या लागल्या, आणि २०२५ च्या जूनमध्ये त्या मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाल्या. ज्या पथकाने जखमी सैनिकांना आधार दिला, तिथेच घोड्यांची ही गत व्हावी, हे मनाला लागते. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडण्याऐवजी त्याची अट स्पष्ट करतो. उपचाराचे बळ देखभालीत असेल, तर जिथे देखभाल ढासळली तिथे उपचारही उरत नाही. उपाशी, दमलेल्या घोड्याजवळ सैनिक सांभाळ करायला शिकणार नाही, फार तर जुनाच करार पुन्हा गिरवेल.

आपल्याकडे याचा विचार करायचा तर पुण्याखेरीज दुसरे ठिकाण शोधावे लागणार नाही. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज खडकीला आहे, कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही खडकीलाच आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवणारी पागा आहे. या दोन टोकांना जोडणारा छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, पण त्यात पहिल्याच दिवसापासून तुलनेचा गट असावा, घोड्याच्या कामाचे तास ठरलेले असावेत, पशुवैद्याला सत्र थांबवण्याचा अधिकार असावा, आणि जवानाच्या हाती लगाम देण्याआधी काही आठवडे खराऱ्याचा ब्रश द्यावा.